पायी फिरण्याजोगा बाजार : राजवाडा परिसरात घर-दुकान बांधताना

आपल्या सभासदांपैकी बऱ्याच कुटुंबांचे मूळ घर राजवाड्याच्या आसपासचे. कोणाचे आडा बाजारात, कोणाचे पंढरीनाथच्या बाजूला, कोणाचे इमली बाजारात. मुले पुढे नव्या वसाहतींत गेली, काही पुण्याला, काही परदेशात. पण जुनी घरे अजून नावावर आहेत आणि त्यांच्याविषयी आमच्याकडे तेच तेच प्रश्न येतात. रस्ता रुंदीकरणात पुढचा भाग गेला, उरलेल्याचे काय करावे? खाली दुकान आणि वर घर असे पुन्हा बांधावे, की सगळे व्यापारी संकुल करावे? विकून मोकळे व्हावे का?

या प्रश्नांचे सरसकट उत्तर नाही. परंतु बांधायचेच ठरले तर कसे बांधावे, म्हणजे घरही राहील आणि बाजारही चालता राहील, याची माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख. आम्ही वास्तुविशारद नाही. बँकेच्या नोकरीत घरांचे नकाशे, मूल्यांकन आणि हक्काचे कागद पाहण्यात वर्षे गेली, त्या अनुभवाला थोड्या वाचनाची जोड दिली आहे. अंतिम नकाशा अर्थातच जाणकाराकडून करून घ्यावा.

मिश्र वापर म्हणजे काय

नगररचनेच्या भाषेत ज्याला मिश्र वापर म्हणतात तो आपल्याला नवा नाही. एकाच इमारतीत किंवा एकाच गल्लीत राहणे, व्यापार, देऊळ, शाळा, वैद्य आणि कारागीर असणे म्हणजे मिश्र वापर. विसाव्या शतकात अनेक देशांत घरे एका भागात, कचेऱ्या दुसऱ्या भागात आणि दुकाने तिसऱ्या भागात अशी वाटणी झाली. आपल्याकडच्या नव्या वसाहतीही पुष्कळशा त्याच धर्तीवर आखल्या गेल्या. दूध आणायलाही गाडी काढावी लागते, हा त्याचा परिणाम.

अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली शहरांवरील आपल्या पुस्तकात या वाटणीवर टीका केली. गजबजता मोहल्ला टिकण्यासाठी त्यांनी चार अटी सांगितल्या : एकाहून अधिक प्रकारचे वापर, छोटे-छोटे रस्त्यांचे तुकडे म्हणजे वारंवार येणारे कोपरे, नव्या-जुन्या इमारतींची सरमिसळ आणि पुरेशी दाट वस्ती. जुन्या इमारतींचा मुद्दा त्यांनी हिशेबाने मांडला आहे. नव्या बांधकामाचे भाडे लहान दुकानदाराला परवडत नाही, त्यामुळे सगळेच नवे झाले की शिंपी, घड्याळजी आणि चष्मेवाला आधी बाहेर पडतात.

राजवाड्याभोवती या चारही अटी पाहायला मिळतात.

जुन्या इंदूरने काय केले होते

राजवाड्याचे बांधकाम मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ च्या सुमारास सुरू झाले. सात मजल्यांचा हा वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि वाड्याभोवतीची पेठ वाढत गेली. १९८४ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, पुढे मागची बाजू पुन्हा उभारण्यात आली. हे सर्व आपण जाणतोच. इथे मुद्दा वाड्याचा नसून त्याच्या भोवतीच्या गल्ल्यांचा आहे.

या गल्ल्या मालानुसार वसल्या. सोन्या-चांदीसाठी सराफा, भांड्यांसाठी बर्तन बाजार, पुस्तकांसाठी खजुरी बाजार, साड्यांसाठी शीतलामाता बाजार. प्रत्येक गल्ली दुसरीला जवळच मिळते, म्हणून लग्नाची सगळी खरेदी पायी एका फेरीत होते. घरांची रचनाही ठरलेली : रस्त्याला लागून ओटला, ओटल्यावर पेढी किंवा दुकान, बाजूने अरुंद जिना, वर राहते घर, आत चौक. वरच्या मजल्याचा छज्जा पुढे आलेला, त्यामुळे उन्हात आणि पावसात चालणाऱ्याच्या डोक्यावर आडोसा.

सराफ्याचे उदाहरण विशेष आहे. दिवसा सोन्याच्या पेढ्या चालतात. रात्री त्या बंद झाल्या की त्याच ओटल्यांवर आणि त्यांच्यासमोर खाण्याची दुकाने लागतात : भुट्टे का कीस, गराडू, जलेबी, दहीवडे. शब-ए-मालवा म्हणून ज्या थंड रात्रींची ख्याती आहे, त्या रात्री लोक मध्यरात्रीनंतरही इथे असतात. एकच जागा दोन पाळ्यांत वापरली जाते आणि पेढ्यांपुढे रात्रभर जाग राहते. रस्त्यावर नजर असली की राखण आपोआप होते, असे जेकब्स म्हणतात. सराफ्यात ती राखण खवय्येच करतात.

गेडिस यांचा अहवाल

इंदूरच्या नगररचनेचा विषय निघाला की पॅट्रिक गेडिस यांचे नाव घ्यावे लागते. स्कॉटलंडचे हे जीवशास्त्रज्ञ १९१४ साली भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्याचा अहवाल १९१६ चा. इंदूरचा अहवाल दोन खंडांत १९१८ साली निघाला. तेव्हा तुकोजीराव तिसरे गादीवर होते.

त्या काळी दाट वस्ती दिसली की सरळ रुंद रस्ता काढून ती कापायची, अशी पद्धत होती. गेडिस यांचा तिला विरोध होता. गल्लीगल्लीतून स्वतः पायी फिरावे, पडकी व रोगट तेवढीच घरे काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाड आणि छोटा चौक करावा आणि बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारावी, असे ते सांगत. या पद्धतीला त्यांनी जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटले.

त्यांच्या दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत इंदूरकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. प्लेगचे दिवस होते. गेडिस यांनी जाहीर केले की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून जाईल. लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या मोठ्या प्रतिमा होत्या, आणि सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, हार घालून मानाने चालत होते. २०१७ पासून स्वच्छतेत सतत पहिले येणाऱ्या शहराने शंभर वर्षांपूर्वी असा एक धडा घेतला होता.

बांधकामासाठी सूचना

आता मुख्य विषय. खालील सूचना नगररचनेतील सर्वमान्य तत्त्वांवर आधारित आहेत. घर बांधणाऱ्याच्या उपयोगी पडतील अशाच निवडल्या आहेत.

*चालण्याचे अंतर.* मध्यम वयाचा माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांत ४०० मीटर. बाजाराचा गाभा एवढ्या अंतरात मावला तर लोक गाडी काढत नाहीत. ज्येष्ठांचा वेग मात्र मिनिटाला ५० मीटरच्या आतबाहेर असतो. त्यांचे पाच मिनिटे म्हणजे अडीचशे मीटरच. बसायला जागा, पाणी आणि स्वच्छतागृह यांचा विचार या दुसऱ्या आकड्यावर करावा.

*पदपथ.* इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर मोकळी रुंदी हवी. मोकळी म्हणजे विजेचा खांब, झाड, फलक आणि दुकानाबाहेर ठेवलेला माल वगळून. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नसावी. उंच पदपथावर म्हातारा माणूस चढत नाही, तो रस्त्यावरूनच चालतो. अरुंद गल्लीत वेगळा पदपथ शक्य नसेल तर गाड्या बंद ठेवून अख्खी गल्लीच पायी चालणाऱ्यांना द्यावी. छप्पन दुकानच्या रस्त्यावर असे केल्यावर तिथे कुटुंबे मुलांना मोकळे सोडून बसतात, हे आपण पाहतोच. पुण्यानेही २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळायला सुरुवात केली.

*इमारतीची रेषा.* शेजारच्या घरांची पुढची भिंत जिथे आहे तिथेच आपली असावी. एकाने दहा फूट मागे घेऊन पुढे गाड्या उभ्या केल्या की रांगेत दात पडल्यासारखी फट होते आणि सावली तुटते. नियमानुसार जागा सोडावी लागत असेल तर ती ओटला, पायऱ्या किंवा आच्छादित ओसरीसाठी वापरता येईल का, हे नकाशा करणाऱ्याला विचारावे. मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ आणि शहराची विकास योजना यांतील आपल्या भागाच्या तरतुदी त्याच्याकडून लेखी घ्याव्यात.

*तळमजला.* डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांच्या मते चांगल्या बाजाररस्त्यावर दर १०० मीटरला १५ ते २० दारे असावीत. म्हणजे प्रत्येक दुकान साधारण पाच ते सहा मीटर रुंद, आणि चालणाऱ्याला दर चार-पाच सेकंदांनी काही नवे दिसते. आपल्या जुन्या गल्ल्यांत दुकाने याहूनही लहान आहेत. म्हणून चार जुनी दुकाने मोडून एक मोठे शोरूम करण्यापूर्वी विचार करावा. मोठे शोरूम रिकामे झाले तर सगळे भाडे एकदम थांबते. चार लहान गाळ्यांपैकी एक रिकामा झाला तर तीन चालू राहतात. शिवाय दुकानाची लांबलचक कोरी भिंत किंवा काळी काच रस्त्याच्या बाजूला नसावी.

*ओटला.* ओटला ठेवाच, असा आमचा आग्रह आहे. पावसाचे पाणी आत येत नाही, गिऱ्हाईक टेकते, शेजारी थांबतो. पण चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ : १२ लागते. दीड फूट उंच ओटल्याला अठरा फूट लांब उतार लागेल, तो रस्त्यावर काढता येणार नाही. यावर तोडगा असा की जिन्याचे दार वेगळे ठेवून तिथली पातळी सहा इंचांवर ठेवावी, म्हणजे सहा फुटांचा उतार पुरतो आणि तो घराच्या हद्दीतच बसतो. उद्वाहन बसवायचे असेल तर त्याचे दारही याच पातळीवर घ्यावे.

*वरचे मजले.* गेल यांचेच आणखी एक निरीक्षण आहे. पाचव्या मजल्यापर्यंत राहणाऱ्याचा रस्त्याशी संबंध राहतो, त्याच्या वर तो तुटतो. खालून हाक मारली तर ऐकू येते, वरून चेहरा ओळखता येतो. आपल्या गल्ल्यांच्या रुंदीला तीन-चार मजलेच शोभतात आणि त्यांत उजेड-वाराही राहतो. वरचे निदान दोन मजले राहण्यासाठी ठेवावेत. सगळी इमारत दुकाने आणि गोदामांची झाली की रात्री आठनंतर गल्ली निर्मनुष्य होते. खिडक्या आणि छज्जे रस्त्याच्या बाजूला असावेत, मागच्या डक्टमध्ये नव्हेत.

*सावली.* माळव्यात रात्री थंड असल्या तरी मे महिन्याची दुपार कडक असते. दीड-दोन मीटर पुढे येणारा छज्जा किंवा खांबांची ओसरी असेल तर दुपारचा बाजार चालतो. जागा असेल तिथे कडुनिंब लावावा. त्याच्या बुंध्याभोवती चार बाय चार फूट माती मोकळी ठेवावी, फरशी बुंध्यापर्यंत नेऊ नये.

*वाहनतळ.* हा सर्वांत वादाचा मुद्दा. आपल्या जुन्या प्लॉटची रुंदी पुष्कळदा वीस फूट असते. तळमजल्यावर गाडी न्यायची तर दहा फूट दार लागते, म्हणजे निम्मी दर्शनी बाजू गेली. आत जिना आणि वळण सोडून दोन-तीन गाड्या मावतात. या दोन-तीन गाड्यांसाठी ओटला, दुकान आणि दार तिन्ही जातात. त्यापेक्षा गल्लीच्या टोकाला सामाईक वाहनतळ असावा आणि तिथून पायी यावे, ही पद्धत जुन्या बाजारांना जास्त मानवते. वाहनतळ घरात असणे नियमाने बंधनकारक आहे का आणि पर्याय उपलब्ध आहे का, हे नगर निगमात आधीच विचारून घ्यावे.

*फेरीवाले.* फेरीवाल्यांना हुसकावून बाजार सुधारत नाही. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना संरक्षण दिले असून, जागा ठरवण्यासाठी शहर विक्रेता समिती असते व तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांचे निवडलेले असावे लागतात. नियोजनात त्यांना ठरलेली जागा द्यावी, चालण्याची मोकळी रुंदी मात्र सोडून.

कागद आणि कर्ज

बांधकामाचा विचार करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. आमच्या अनुभवात निम्मी कामे नकाशापाशी नाही, इथेच अडतात.

१. वारस. आजोबांच्या नावावरचे घर अनेक वारसांत विभागलेले असते. हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, साध्या कागदावरची सही चालत नाही.

२. नामांतरण. नगर निगमाच्या नोंदीत नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. ती नोंद करासाठी असते. मालकी मूळ दस्तावरून पाहिली जाते.

३. जुने भाडेकरू. खालच्या दुकानदाराला मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ चे संरक्षण असू शकते. त्याला नव्या इमारतीत कुठे आणि किती जागा देणार, हे लेखी ठरल्याशिवाय पाडकाम करू नये.

४. कर्ज. घर आणि दुकान एकत्र असेल तर बँक दोन्ही भागांचे मूल्य वेगळे काढते. दुकानाच्या भागाला गृहकर्जाचा दर सहसा लागत नाही. मंजूर नकाशात निवासी आणि व्यापारी क्षेत्र स्वच्छ वेगळे दाखवलेले असेल तर हे काम सोपे होते. दुकानाचे भाडे उत्पन्नात धरावे असे वाटत असेल तर करारनामा नोंदवलेला आणि भाडे विवरणपत्रात दाखवलेले हवे.

५. रुंदीकरण. पुढचा भाग रस्त्यात गेला असेल तर मोबदला किंवा विकास हक्क काय मिळाले याचा लेखी कागद जपून ठेवावा. तोंडी आश्वासनावर नकाशा करू नये.

एक प्रकरण

शाखेत असताना आमच्याकडे तीन भावांचे कर्जप्रकरण आले होते. जुने घर पाडून नवे बांधायचे होते. तळमजला पूर्ण गाड्यांसाठी, रस्त्याला एक लोखंडी दार, पहिल्या मजल्यावर भाड्याने द्यायचे हॉल, त्यावर तीन फ्लॅट. कागद पूर्ण होते, परतफेडीची क्षमता होती, प्रकरण मंजूर झाले. मंजुरी आम्हीच दिली.

त्यांचे वडील रोज सकाळी ओटल्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत. जाणारे-येणारे थांबत. समोरच्या दुकानदाराकडे किल्ली ठेवून ते देवळात जात. नवे घर झाल्यावर ते तिसऱ्या मजल्यावर गेले. उद्वाहन आहे, पण खाली उतरले की समोर मोटारी आणि बंद दार. गणेशोत्सवात भेटले तेव्हा म्हणाले, आता डॉक्टरकडे जायचे असेल तरच खाली येतो. मुलांनी वडिलांच्या सोयीसाठीच सगळे केले होते, खर्चात कुठे काटकसर केली नव्हती. नकाशात खाली बसायला जागा आहे का, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आमच्या अर्जात तसा रकाना नव्हता.

दहा फूट रुंदीचा एक ओटला आणि जिन्यासाठी वेगळे दार ठेवले असते तर एक मोटार कमी मावली असती.

आपल्या गल्लीची पाहणी

घर बांधणाऱ्यांनी, आणि न बांधणाऱ्यांनीही, एकदा सकाळी अकराला आणि एकदा रात्री नऊला आपल्या जुन्या गल्लीतून चालून पुढील गोष्टी मोजाव्यात :

– शंभर मीटरमध्ये उघडी दारे किती?
– सलग सावली किती पावले मिळते, कुठे तुटते?
– घरातील सर्वांत वयस्कर माणूस न थांबता किती जाऊ शकतो, आणि थांबला तर बसायला कुठे आहे?
– रात्री किती खिडक्यांत दिवा दिसतो?
– पदपथाची मोकळी रुंदी फुटात किती?

मोजण्यासाठी टेप आणि वही पुरेशी आहे. सोबत नातवंडांना न्यावे, त्यांना मोजायला आवडते आणि पणजोबांचे घर कोणते तेही कळते. आलेले आकडे मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत. विकास योजनेवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा एका माणसाच्या तक्रारीपेक्षा वीस गल्ल्यांची मोजमापे जास्त उपयोगी पडतात.

ज्यांचे बांधकाम लवकर सुरू व्हायचे आहे त्यांनी मंजुरीसाठी देण्यापूर्वी नकाशा घेऊन रविवारी सकाळी कार्यालयात यावे. आमच्यापैकी दोघे-तिघे त्या वेळी असतात. कागद पाहू, आणि या वेळी ओटला कुठे आहे तेही विचारू.